पारावरची खोटी माणसं

ताडगोळ्यांची पहिली पाटी दिसली की माझा जीव अजूनही थाऱ्यावर राहत नाही. पनवेल स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या रांगेच्या तोंडाशी ती पाटी असते. वर ओला फडका, खाली पांढरे, गारेगार, बुळबुळीत गोळे. आणि तिच्यासमोरून परीक्षेची पोरं पारदर्शक पाकिटात हॉलतिकीट धरून पळत असतात, मागून कुणाची तरी आई पाण्याची बाटली घेऊन. माझा त्या परीक्षेशी संबंध नाही. कुठल्याच परीक्षेशी नाही. नववीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. तरी हे दिवस आले की मी घरात फेऱ्या घालायला लागतो. बंद केलेला गॅस पुन्हा बघतो. फोन खिशात असताना फोन शोधतो. बायको म्हणते, "उद्या पेपर आहे का तुमचा?"

असतोच. एका उन्हाळ्यात दिलेला, अजून अंगातून न उतरलेला.

मी इकडचा नव्हे. माझं गाव यवतमाळच्याही पुढे, जिथे जाताना शेवटचा टप्पा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून करावा लागतो. बाबांचं तिथे वेल्डिंगचं दुकान. नांगराचे फाळ, ट्रॉलीच्या कड्या, खिडक्यांच्या जाळ्या. काळी काच डोळ्यांसमोर न धरता काम करायची त्यांची सवय. एका वर्षी डोळ्यांनी दगा दिला आणि मी दप्तर खुंटीला लावून वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. त्याचं मला दुःख नाही, खरंच नाही. लोखंड जोडताना जो निळा उजेड पडतो तो मला आवडायचा. पुढे धाकटा भाऊ हाताशी आला तेव्हा मामानं मला उरणजवळ द्रोणागिरीला आणलं. तिथल्या एका कंटेनर यार्डच्या गेटवर पत्र्याच्या केबिनमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे नंबर कॉम्प्युटरमध्ये भरायचे, एवढंच काम. खारट वारा, डिझेलचा धूर, आणि पत्रा असा तापलेला की पाठ टेकायची सोय नाही.

ते नंबर भरायचं सॉफ्टवेअर सारखं अडकायचं. दुरुस्त करायला पनवेलच्या एका छोट्या कंपनीतून प्रज्ञाताई यायच्या. स्कूटरवरून उतरल्या उतरल्या आधी माठातलं पाणी पिणार, मग खुर्ची ओढणार. मी त्यांच्या पाठीशी उभा. ताई, हे बटण दाबल्यावर आत काय होतं? ताई, अडकतं म्हणजे नेमकं कुठे अडकतं? एकदा त्यांनी मान न वळवता म्हटलं, "सुदाम, एक तर मला काम करू दे, नाही तर माझ्या खुर्चीत बस." मी खुर्चीकडे बघितलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुढच्या खेपेला येताना त्यांनी आपला जुना लॅपटॉप आणला. त्याचं एक बटण निखळलेलं होतं, तिथे खालचं रबर दाबावं लागायचं. "घे. दुखतं त्या बोटाला. सवय होईल."

सवय झाली. आज नवा कीबोर्ड असला तरी ते अक्षर मी जरा जोरातच दाबतो.

त्या वर्षी होळीच्या सुमारास यार्डचा ठेकेदार बदलला आणि आम्ही जुने सगळे सुटलो. मामा म्हणाला, दुसरं यार्ड बघू. बाबा फोनवर म्हणाले, "बघू-बिघू काई नाई. मृगाच्या आधी इथी कामाचा ढीग पडते, लहाना पोट्टा आता बारावीत चालला, माये डोये टिकत नाहीत. काई जमलं त राह्य तिकडं. नाई त गाडी धर." त्यात राग नव्हता. बाबा सगळंच असं बोलतात, लोखंड ठोकल्यासारखं. मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे मे महिन्यात एक जागा निघतेय, शिकाऊ माणसाची. कंपनीचे सर कागद बघत नाहीत, हातानं केलेलं काम बघतात. एक अख्खी गोष्ट बनव. अर्ध्या दहा नकोत, एक अख्खी.

म्हणजे मुदत ठरली. ऊन संपायच्या आत.

बसायला जागा नव्हती. मामाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं. जुन्या पनवेलमध्ये कापड बाजाराच्या मागे नझीरचाचांची अभ्यासिका होती, तिथे गेलो. खाली सुक्या मासळीचं दुकान, वर अभ्यासिका. जिना चढताना बोंबलांचा वास तुमच्याबरोबर वर यायचा आणि तुमच्या वह्यांत जाऊन बसायचा. चाचा म्हणायचे, "खाली सुकट, वर इल्म. दोन्ही सुकवल्याशिवाय टिकत नाही, मियाँ." लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा आणि समोरच्या फळीवर एक चिठ्ठी. चाचांचा तो नियमच होता: चिठ्ठीवर आपलं नाव आणि आपली परीक्षा लिहायची. फरजाना, बारावी सायन्स. हर्षद, सीए. मंगेश, पोलीस भरती. चिठ्ठी डोळ्यांसमोर राहिली की माणूस उठून चहाला जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्यापुढे त्यांनी चिठ्ठी आणि पेन सरकवलं. मी लिहिलं, सुदाम. आणि थांबलो.

"इम्तिहान?"

"इम्तिहान नाही चाचा. एक वेबसाइट करायचीय."

"वेबसाइट." त्यांनी चष्मा वर केला. "तिचा निकाल कधी?"

"मे महिन्यात."

"मग इम्तिहानच झाला की!" असं म्हणून त्यांनी मला कोपऱ्यातला, पाण्याच्या माठाजवळचा खण दिला. चिठ्ठीवर माझं नाव एकटंच राहिलं. दुपारी पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्यांच्या चिठ्ठ्या फडफडायच्या तेव्हा मला वाटायचं, माझीच जास्त फडफडतेय.

बेचैनी म्हणजे काय, हे मला विचारा. उजवीकडे कुणी पाठ करतंय, डावीकडे कुणी गणितं सोडवतंय, सगळ्यांना ठाऊक आहे की अभ्यास कोणत्या पानावर संपणार आहे. आणि मी, ज्याच्या अभ्यासाला पुस्तकच नाही. सकाळी लॉगिन चालायचं, दुपारी फोटो बंद पडायचे. फोटो चालू केले की लॉगिन रुसायचं. टाइप करताना ते निखळलेलं बटण टकटक वाजायचं, आणि हर्षद सीए फळीवरून डोकं काढायचा. "अरे भाऊ, तू टायपिंग करतोस की गच्चीवर डांबर ठोकतोस?" चाचांनी लॅपटॉपखाली घालायला जुन्या टॉवेलची घडी दिली. मग हर्षद म्हणायचा, "आता कसं, डांबर नाही, गादी पिंजतोय." पण रोज संध्याकाळी जाताना तोच माझ्या खणात डोकावायचा. "दाखव रे, आज काय हललं." आणि खरंच काही हललेलं असलं तर माझ्यापेक्षा तोच जास्त खूश व्हायचा, कारण त्याच्या पुस्तकांत काहीच हलत नसे.

तर गोष्ट अशी बनवायची होती. कल्पना ताईंची. "आपण प्रोग्रामर लोक दिवसभर एकटे बसतो," त्या म्हणाल्या होत्या. "काय अडलं, कसं सुटलं, सांगायला माणूस नाही. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, भाजीत मीठ कमी आहे. असं एक ठिकाण कर जिथे प्रोग्रामर येतील, आज काय शिकलो ते लिहितील, बाकीचे खाली उत्तर देतील, एकमेकांना फॉलो करतील. वापरणार कुणी नाही, हे आत्ताच सांगते. ते तू शिकावंस म्हणून आहे." मी त्याचं नाव ठेवलं 'पार'. बाबांच्या दुकानासमोर कडुलिंबाला दगडी पार आहे, कामाला आलेली माणसं तिथे बसतात आणि उठायचं विसरतात. ताई म्हणाल्या, इंग्रजी नाव दे. मी ऐकलं नाही. त्या सगळ्या काळात मी ताईंचं न ऐकलेली ती एकच गोष्ट, असं मला आधी वाटत होतं.

पानाच्या वरती एक मोठी चौकट केली. तिच्यावर प्रश्न: आज काय शिकलात? त्याच्याखाली लोकांचं लिहिलेलं एकाखाली एक उतरत जाणार. पण लोक कुठे होते? पान कोरं. कोऱ्या पानावर काही जुळतंय की नाही कळत नाही. ताई म्हणाल्या, चार खोटी माणसं टाक. सगळे तसंच करतात, युजर एक, युजर दोन, आणि त्यांच्या नावावर काहीही खरडायचं.

मला काहीही खरडता येईना. युजर एक काय शिकला असेल, मला काय ठाऊक? मी पहिलं खातं उघडलं आणि नाव लिहिलं: माय.

ती रोज दुपारी मिसकॉल द्यायची. मी जिन्यात जाऊन, बोंबलांच्या वासात उभा राहून फोन लावायचो.

"जेवला का?"

"हो माय. तू काय करून राह्यली?"

"काय करीन बाप्पा! कुरोड्या घातल्या खाटीवर. वारा असा का खाटच उडून राह्यली. तुया बापाले म्हनलं एका कोपऱ्यावर बसा, त हासून राह्यला."

फोन ठेवून मी खणात परत यायचो आणि 'आज काय शिकलात' या चौकटीत मायच्या नावानं लिहायचो: वाऱ्याच्या दिवशी कुरडयांच्या खाटेवर माणूस बसवावा. दाबलं. ओळ खाली उतरली. चाललं! मग बाबांचं खातं: काळी काच डोळ्यांसमोर धरावी, हे आता शिकलो. भावाचं: अभ्यास करताना झोप आली तर उभं राहावं, उभ्यानंही येते. मायनं गहू भिजत घातले की ते पानावर. मायनं शेजारणीशी भांडण मिटवलं की ते पानावर. प्रोग्रामर लोकांसाठी बांधलेल्या पारावर माझ्या घरची माणसं येऊन बसली होती, आणि मी एकेक करून त्यांच्याखाली उत्तरं लिहीत होतो, उत्तरांचा भाग चालतो का ते तपासायला. तपासणी लवकरच पूर्ण झाली होती. मी थांबलो नाही.

हे सगळं मी आज शब्दांत मांडतोय म्हणून शहाणपणाचं वाटतंय. तेव्हा तसं काही नव्हतं. तेव्हा फक्त अंगावर घामोळं आणि संध्याकाळी स्टेशनाबाहेर ताडगोळ्यांच्या पाटीपाशी थांबायची सवय. पाटीवाली मावशी उरणजवळच्या चिरनेरची. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी तिनं ओळखलं.

"कंच्या गावचा तू? हिकरचा नाय."

"यवतमाळ."

"त्या कवरा लांब?"

मी सांगितलं, रात्रभर गाडी आणि वर अर्धा दिवस. तिनं गोळ्याचं साल अंगठ्यानं अलगद काढलं. "आमी उरनला जावाचा तरी बारा येला इचार करताव. तुजी आयस नाय रडली?" मग उत्तराची वाट न बघता पानात आणखी एक गोळा टाकला. "खा. पोटान गार परल. तुजा त्वांड रोज इस्तव परल्यासारका."

गोळा चावला की आतलं पाणी एकदम जिभेवर येतं. त्या एका क्षणापुरता जीव थाऱ्यावर यायचा. आजही तेवढ्यापुरताच येतो.

एप्रिलच्या शेवटी 'पार' इंटरनेटवर चढवलं. फुकटातली जागा, डोंगलचं लंगडं नेट; चढवता चढवता दुपार गेली. ताईंनी आपल्या ओळखीच्या प्रोग्रामर मंडळींच्या एका ग्रुपवर पत्ता टाकला. "बघा रे, आमच्या एका मुलानं केलंय, मोडतंय का सांगा." एवढंच. खोटी माणसं काढायची माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मला ती खोटी वाटायची बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी पानावर एक अनोळखी नाव होतं. बेंगळुरूचा कुणी अमेय. त्यानं आपण काय शिकलो ते लिहिलं नव्हतं. त्यानं मायच्या कुरडयांखाली लिहिलं होतं: काकू, गहू किती दिवस भिजवता? माझी आई सांगायच्या आधी गेली.

मी ते वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली, इतक्या जोरात की सगळी अभ्यासिका वळून बघायला लागली. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. मी जिन्यात पळालो.

"माय, गहू किती दिवस भिजवायचे?"

"काहून? तू घालून राह्यला काय कुरोड्या?"

"नाही, एकजण विचारते."

"दिवस काय मोजायचे? रोज पानी बदलवायचं. आंबूस वास सुटला, दाना चिमटीत दाबला अन दूध निघालं, का झालं. वासावर चालते ते."

मी तसंच लिहिलं, मायच्या खात्यातून. अमेयनं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मग हैदराबादची एक मुलगी आली, मग पुण्याचे दोघं, मग कुणी थेट सिंगापूरहून. सगळे प्रोग्रामर. तिघा-चौघांनी कामाचंही लिहिलं, काय अडलं, कसं सुटलं. पण ते लिहून झालं की मायच्या पोस्टखाली येऊन बसायचे. काकू, आमच्या गॅलरीत ऊन दुपारनंतर येतं, चालेल का? काकू, माझ्या चिकाच्या गुठळ्या झाल्या. 'गजानन वेल्डिंग वर्क्स' हे बाबांच्या खात्यावरचं नाव बघून एकानं विचारलं, सर, तुमची स्टार्टअप नेमकं काय करते? मी लिहिलं, तुटलेलं जोडते. त्यानं लिहिलं, भारी, आमची उलटंच करते.

मी रोज जिन्यात जाऊन प्रश्न नेत होतो, उत्तरं आणत होतो. मायला वाटायचं, मला खोलीवर खाण्याचे हाल आहेत म्हणून मी कुरडया करायला निघालोय. तिला खरं सांगायची हिंमत होत नव्हती. हे लोक एका बाईशी बोलतायत जी तिथे नाही. आणि ती आहे तरी पण. यातलं खरं काय, खोटं काय, मला लावता येईना. पण पान उघडलं की तिथे माणसं असायची. आपल्या गावापासून लांब, खिडकीत कुरडया वाळत घालणारी माणसं. मी एकटाच नव्हतो, एवढं कळत होतं.

सरांनी बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ताई अभ्यासिकेत आल्या. लॅपटॉप आपल्याकडे ओढून पान खाली खाली नेत गेल्या. आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"सुदाम, हे गोड आहे. पण उद्या सर हे उघडतील आणि म्हणतील, हा पदार्थांचा क्लास आहे. तू चांगलं काम केलंयस रे, ते या सगळ्याखाली दिसतच नाहीये. खोटी खाती काढून टाक. आज. आत्ता."

"आत्ताच?"

"मृगाच्या आधी गाडी धरायचीय का तुला?"

त्या गेल्यावर मी बराच वेळ माठाच्या बाजूचा ओला डाग बघत बसलो. माणूस काढायची आज्ञा एका ओळीची असते. माय. बाबा. भाऊ. मी मायवर थांबलो, मग म्हटलं, ही माय नाहीच, खातं आहे, आणि बटण दाबलं. ते निखळलेलं नव्हे, दुसरंच. तरी बोट दुखलं.

पान पुन्हा उघडलं तर पार रिकामा. नुसती माझी माणसं गेली नव्हती. अमेय, सिंगापूर, हैदराबाद, सगळ्यांचं लिहिलेलं गेलं होतं. मीच सुरुवातीला मोठ्या हौसेनं एक नियम घातला होता: माणूस गेला की त्याचं लिहिलेलं जावं, आणि त्याच्या लिहिण्याखालचं सगळंच जावं, मागे कचरा राहू नये. त्या खालच्या ओळी दुसऱ्यांच्या आहेत, हा विचार तेव्हा शिवला नव्हता. तेव्हा त्या ओळीही मीच लिहीत होतो. उरल्या होत्या कामाच्या चार-पाच पोस्टी, उन्हात विसरलेल्या चपलांसारख्या. त्याची दुसरी प्रत? नव्हती ठेवली. डोंगलचं नेटही तिथेच संपलं. हर्षदनं फळीवरून डोकं काढलं. "आज काय हललं?" मी म्हटलं, "सगळं." तो उठला. स्वतःची पाण्याची बाटली माझ्या खणात ठेवून गेला.

सरांचं ऑफिस नवीन पनवेलला, रुळांच्या पलीकडे, एका डेंटिस्टच्या वर. सर बुटके, शांत, हाफ शर्टातले. ताई एका बाजूला. मी खुर्चीच्या टोकावर. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, उन्हात धुरकट झालेला. मला वाटत होतं, गाडी किती वाजताची असेल.

"पत्ता?" सरांनी विचारलं. मी सांगितला. पान उघडलं.

मी मान खाली घातली होती. सर वाचायला लागले, मोठ्यानं, एकेक ओळ.

"काकू कुठे गेल्या?" त्यांनी थांबून माझ्याकडे बघितलं. पुढची वाचली. "काकूंचं खातं कुणी काढलं? काही बिघडलंय का?" पुढची. "काकू बऱ्या आहेत ना? कुणाला माहीत असेल तर सांगा." पुढची. "माझा चीक आज तयार झालाय, आता गॅस बारीक ठेवू की मोठा? काकू?"

आज काय शिकलात, या प्रश्नाखाली एका रात्रीत हे सगळं लिहिलं गेलं होतं. ताईंनी कपाळाला हात लावला.

"हे प्रोग्रामर लोक?" सर म्हणाले.

"हो सर. सगळे."

"मग काकू कोण?"

"माझी माय, सर. खोटी."

"खोटी माय?"

"म्हणजे माय खरी आहे. खातं खोटं होतं. तपासायला टाकलं होतं."

"मग काढलं का?"

"ती प्रोग्रामर नाही म्हणून."

सरांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितलं. "आणि यांनी तिच्याखाली लिहिलं होतं ते?"

"तेही गेलं. चूक झाली सर."

"कशी झाली ते दाखव." त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

मी उठलो. खडू हातात धरला आणि होल्डर धरल्यासारखं वाटलं. एक चौकोन काढला, त्यात माणूस. त्याच्याखाली त्याचं लिहिलेलं. त्याच्याखाली दुसऱ्यांची उत्तरं. कोण कुणाला कसं बांधलंय ते रेघांनी दाखवलं, आणि वरचं एक पुसल्यावर खालचं सगळं कसं गळून पडतं तेही. दाखवता दाखवता कुठे कापायला हवं होतं ते मला तिथेच दिसलं. तिथे मी खूण केली.

"शिक्षण?" सरांनी विचारलं.

मी खडू खाली ठेवला. "नववी."

त्यांनी मान हलवली, जणू मी वेळ सांगितली असावी. मग कोपऱ्यातल्या एका रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाले, "तिथे बस. पहिलं काम हेच. माणूस गेला तरी त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं राहिलं पाहिजे. ते कर, मग बाकीचं बोलू."

इतकी वर्षं झाली, किती कामं हाताखालून गेली, पण कुणाला काही शिकवायला बसलो की मी आधी हेच वाक्य सांगतो. कुणाचं आहे ते सांगत नाही. 'पार' पुढे दोन उन्हाळे चाललं. मग ती फुकटची जागा देणाऱ्यांनी दुकान बंद केलं. अभ्यासिकेच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. खालचं सुकटीचं मात्र तसंच. आपला जीव थाऱ्यावर नसताना ज्यांनी आपल्याला एक खण दिला, एक टॉवेलची घडी दिली, एक जादा गोळा पानात टाकला, त्यांचे उपकार कसे फेडायचे, मला ठाऊक नाही. परवा पाटीपाशी थांबलो. पाटीवर आता मावशीची सून असते. मी तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "तुमी हिकरचं नाय ना?"

त्या दिवशी सरांच्या ऑफिसच्या जिन्यात, दातांच्या औषधाच्या वासात उभा राहून मी मायला फोन लावला. मिसकॉलची वाट बघितली नाही.

"माय, लागलं काम."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग, "जेवला का?"

"जेवतो. माय, ऐक. इथं लोक तुले विचारून राह्यले."

"कोन लोक?"

"बंगलोरचे. सिंगापूरचे. तू कोठी गेली म्हणते."

"मी कोठी जाईन बाप्पा? इथीच हाव." ती गोंधळली होती. "काय पाह्यजे त्याईले?"

"कुरोड्यांचं विचारते. चीक झाला, आता गॅस बारीक ठेवू का मोठा."

सिंगापूर कुठे आहे, त्या लोकांना आपण कशा माहीत, यातलं मायनं काहीच विचारलं नाही. कुणाच्या तरी चुलीवर चीक होता, आणि तो लागणार होता.

"बारीक!" ती ओरडली. "बारीक सांगजो त्याईले, लवकर सांग! अन हात थांबवू नोका म्हना, घोटत राहा!"

मी जिना चढून धावत वर गेलो.